आरोग्य शिबिराचे फळ कसे मोजावे?
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



परमपूज्य बाबासाहेबांचे शरीर मधुमेहाने पोखरले होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे ६५ होते. त्यामुळे मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे विषय विहाराला परके नाहीत. जयंतीला आपण तपासणी शिबिरे भरवतो. पण त्यांनी रोग टळतो का, हे ओळखायचे कसे?

फिनलंडमधल्या उत्तर कारेलिया प्रांतात कर्ते पुरुष ऐन उमेदीत हृदयविकाराने जात. १९७१ साली तिथल्या लोकप्रतिनिधींनी सरकारकडे मदत मागितली. १९७२ पासून डॉ. पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले. लोणी, मीठ, सिगारेट कमी करायची, रक्तदाबावर उपचार घ्यायचे. गृहिणींच्या संघटनाही त्यात उतरल्या. पण आधी त्यांनी पाहणी केली, आणि कार्यक्रम नसलेल्या शेजारच्या कुओपिओ प्रांतातही केली. पाच वर्षांनी दोन्हीकडे पुन्हा मोजले, तेव्हा फरक दिसला.

अमेरिकेत मिनेसोटा भागात १९८० च्या दशकात असेच काम झाले. तिथे लोक सुधारले. मात्र तुलनेसाठी घेतलेल्या शहरांतही जवळपास तेवढेच सुधारले. तुलना नसती, तर सगळे श्रेय कार्यक्रमालाच गेले असते!

यातून आपण काय घ्यावे? किती जण तपासले, हा झाला कष्टाचा आकडा, फळाचा नव्हे. ज्यांचा दाब १४०/९० च्या वर निघाला त्यांची वही ठेवू. एकदाच वाढलेला दाब पुढच्या खेपेला आपोआपही उतरलेला दिसतो, म्हणून दोन-तीनदा मोजू. सहा महिन्यांनी गोळी किती जण घेतात, दाब कितींचा आटोक्यात आहे, तंबाखू कोणी सोडली, ते विचारू. आणि शिबिराला जे आलेच नाहीत, रोजंदारीवर गेलेले, रात्रपाळी करून झोपलेले, त्यांच्या दारी जाऊ. शिबिराला बहुधा आधीच काळजी घेणारे येतात. त्यांच्यावरून साऱ्या वस्तीची तब्येत ठरवता येत नाही.

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले की केवळ ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून काही मानू नका; स्वतः पडताळून पाहा. हाच न्याय आपल्या सत्कार्यालाही लावला पाहिजे. पुढच्या वर्धापनदिनी गर्दीच्या आकड्याआधी ही वही वाचली जावी, एवढेच आमचे मागणे.

नमो बुद्धाय! जय भीम!