होमगार्ड : खाकीतला आपला शेजारी

(प्रजासत्ताक दिनी संस्थेच्या आवारात झेंडावंदनानंतर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेले एक-दोन मुद्दे लिहिताना घातले आहेत.)



बोलायला उभं राहा म्हटल्यावर पहिला प्रश्न पडला, बोलायचं कशावर? बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाकडून लोकांची अपेक्षा एकच, ठेवींवर व्याज किती मिळेल ते सांगा! पण आज तो विषय नाही. विषय मला माझ्या नातीने दिला. विसर्जनाच्या दिवशी आम्ही तलावावर गेलो होतो. गर्दी आवरायला खाकी कपड्यातला एक तरुण दोरी धरून उभा होता. नात म्हणाली, "आजोबा, हे पोलीसकाका का?" मी म्हटलं, "नाही गं, होमगार्ड." ती म्हणाली, "म्हणजे काय?" मी म्हटलं, "पोलिसांना मदत करतात." "मग पोलीसच का नाहीत?" इथे आमची गाडी अडली. पंच्याहत्तरीला आलेल्या पदवीधर माणसाला याचं धड उत्तर देता येईना. घरी येऊन वाचलं, चार माहीतगारांना विचारलं. ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

होमगार्ड हे नाव इंग्लंडातून आलं. १९४० च्या मे महिन्यात जर्मन सैन्य इंग्लंडवर उतरेल अशी भीती होती. तेव्हा सैन्यात न गेलेल्या नागरिकांनी आपापल्या गावाच्या रक्षणासाठी पुढे यावं, असं आवाहन तिथल्या सरकारने रेडिओवरून केलं. कारकून, शेतकरी, म्हातारे पेन्शनर, सगळे धावले. दोनेक महिन्यांनी चर्चिल यांच्या आग्रहाने त्या दलाचं नाव 'होम गार्ड' झालं. युद्ध संपलं, तसं ते दलही विसर्जित झालं.

आपल्याकडचं दल मात्र दुसऱ्याच गरजेतून जन्मलं, आणि ते जन्मलं आपल्या मुंबईत, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मलाही नव्हती. १९४६ साल आठवा, म्हणजे वाचलेलं आठवा, कारण तेव्हाचं पाहिलेलं आज इथे कोणी नसावं. फेब्रुवारीत मुंबईला नौदलाच्या खलाशांचा उठाव झाला. ऑगस्टमध्ये कलकत्त्याला भयंकर दंगल झाली, आणि सप्टेंबरात मुंबईतही दंगली पेटल्या. इंग्रज जायच्या बेतात होते. पोलीस अपुरे, आणि शेजाऱ्याचा शेजाऱ्यावर विश्वास उरलेला नाही, अशी परिस्थिती. त्या वेळी मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ होतं आणि गृहखातं मोरारजी देसाईंकडे होतं. दंगलीच्या काळात पोलिसांच्या जोडीला साधे नागरिकच शिस्तीत, गणवेशात उभे करावेत, अशी ही कल्पना. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबई इलाख्यात होमगार्डची स्थापना झाली. पुढच्या वर्षी त्याचा कायदाही झाला. मराठीत नाव 'गृहरक्षक दल', आणि ब्रीद 'निष्काम सेवा'.

पुढे दहा वर्षांनी, १९५६ साली, त्याच तारखेला बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. त्यामुळे ६ डिसेंबर म्हटलं की आपल्याला चैत्यभूमी आठवते, आणि ते योग्यच आहे. होमगार्डचा स्थापना दिवसही तोच, हे मात्र फारसं कोणाच्या ध्यानात राहत नाही.

आता नातीच्या प्रश्नाचं उत्तर. पोलीस हा पगारी नोकर असतो. त्याला वेतनश्रेणी, बढती, निवृत्ती, सगळं असतं. होमगार्ड हा स्वयंसेवक. अठरा ते पन्नास वयाच्या नागरिकाने आपलं नाव नोंदवायचं, प्रशिक्षण घ्यायचं, आणि एरवी आपापला कामधंदा करायचा. सरकारने बोलावलं की कामावर हजर व्हायचं. जेवढे दिवस काम, तेवढे दिवस भत्ता. बाकीचे दिवस काही नाही. पण गंमत अशी, की बोलावणं आलेलं असताना त्याला कायद्याने पोलिसासारखेच अधिकार आणि संरक्षण मिळतं. आणि बोलावल्यावर कारण नसताना गेला नाही, तर कायद्यात शिक्षाही आहे. म्हणजे यायचं ते स्वखुशीने, पण आल्यावर जबाबदारी पक्की.

काही जणांचा प्रादेशिक सेनेशी घोटाळा होतो. प्रादेशिक सेना १९४९ ची. ती सैन्याचा भाग, म्हणजे केंद्राची. होमगार्ड राज्याचं. राज्य पातळीवर महासमादेशक, जिल्ह्याला जिल्हा समादेशक, अशी त्याची रचना. १९६२ च्या चीनच्या आक्रमणानंतर केंद्राने राज्यांना कळवलं, की तुमच्याकडे वेगवेगळ्या नावांची जी स्वयंसेवी दलं आहेत ती एकत्र करून सगळीकडे होमगार्ड हे एकच दल उभं करा. आज देशभरातलं मंजूर संख्याबळ पावणेसहा लाखांच्या आसपास आहे. सीमेवरच्या काही राज्यांत त्यांच्या खास बटालियन आहेत आणि त्या सीमा सुरक्षा दलाला मदत करतात. मुंबईत लावलेलं रोप कुठवर पसरलं बघा!

याच्याच शेजारचं दुसरं दल म्हणजे नागरी संरक्षण दल. त्याचा कायदा १९६८ चा. शत्रूचे विमानहल्ले, आगी, ढिगाऱ्याखालची माणसं काढणं, असं त्याचं काम. २००९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पूर, भूकंप अशा आपत्तीही त्यात आल्या. त्याचं राष्ट्रीय महाविद्यालय आपल्या नागपूरला उभं राहिलं.

माझी स्वतःची एक आठवण १९७१ ची. आम्ही गिरगावात चाळीत राहायचो, मी कॉलेजात होतो. ३ डिसेंबरला युद्ध पेटलं आणि मुंबईत ब्लॅकआऊट सुरू झाला. खिडक्यांच्या काचांना काळे कागद, मोटारींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग. भोंगा वाजला की सगळी चाळ अंधारात. आमच्या मजल्यावरचे एक काका दिवसा एका कचेरीत कारकून आणि संध्याकाळी होमगार्ड. खाकी चढवून, काठी घेऊन निघायचे आणि पहाटे परत यायचे. एकदा मी त्यांना विचारलं, "काका, याचे किती मिळतात?" ते हसले आणि म्हणाले, "चहाचे सुटतात." मलाही नाव घालायचं होतं. पण बँकेत लागलो, बदल्या सुरू झाल्या आणि राहून गेलं. आज कळतं, की बदल्या हे निमित्त. मनात असतं तर बदलीच्या गावीही नाव नोंदवता आलं असतं.

त्या काळात या दलात आमच्यासारख्या घरांतली पुष्कळ माणसं असत. वकील, डॉक्टर, शिक्षक, कचेरीतले लोक. फावला वेळ देशाला द्यावा, ही मूळ कल्पनाच तशी होती. आज चित्र पालटलं आहे. आज जो मुलगा दोरी धरून उभा असतो, त्याच्यासाठी तो भत्ता म्हणजे घरचा किराणा असतो. महाराष्ट्रात २०२४ च्या ऑक्टोबरपासून तो रोजचा ५७० रुपयांवरून १,०८३ रुपये झाला. त्याआधी २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की होमगार्ड कायम नोकर ठरत नाहीत, पण त्यांचा महिनाभराचा भत्ता निदान राज्यातल्या पोलिसाच्या किमान वेतनाइतका भरला पाहिजे. मला हे पटतं. निष्काम सेवा हे ब्रीद उत्तम आहे, पण ज्याचं पोट भरलेलं आहे त्याने उपाशी माणसाला निष्काम हो म्हणून सांगू नये. आणि धोका तर सगळ्यांना सारखाच. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईत जे सुरक्षा कर्मचारी शहीद झाले, त्यांत एक होमगार्डही होता.

आता मी आपल्या संस्थेकडे येतो. ही गोष्ट सांगावी की नाही, यावर मी आठ दिवस विचार केला. मंडळी, २०१४ साली मी संस्थेचा खजिनदार होतो. तेव्हा आपले वॉचमन संस्थेच्या पगारावर होते. त्यांतला एक जण होमगार्ड होता. नाव घेत नाही, जुन्या मंडळींना कळलं असेलच. त्या वर्षी लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही निवडणुका झाल्या. निवडणुकांचे मिळून सहा दिवस आणि गणपतीत सात दिवस, असे एकूण तेरा दिवस तो ड्युटीवर गेला. जाताना रीतसर सांगून, बोलावण्याचा कागद दाखवून गेला. आणि मी त्या तेरा दिवसांचा पगार कापला. काम नाही तर दाम नाही, असा शेराही मारला. कमिटीत कोणी हरकत घेतली नाही, उलट माझ्या चोख हिशेबाचं कौतुकच झालं.

पगार घेताना तो भांडला नाही. पैसे मोजून खिशात घातले आणि एवढंच म्हणाला, "साहेब, विसर्जनाला तुमचाच गणपती चालला होता. मी दोरी धरून उभा होतो. तुम्ही बघितलं नाही."

खरं होतं. मी त्याच्या हाताखालून, दोरी वर करून गेलो होतो. खाकीतला माणूस म्हणून बघितलं, आपला म्हणून ओळखलं नाही.

दोन वर्षांनी, उन्हाळ्यात, बी विंगच्या मीटररूमला आग लागली. आठवतं ना? धूर जिन्यात भरला. आमच्यातले सुशिक्षित लोक लिफ्टकडे धावले. एक गृहस्थ पाण्याची बादली घेऊन मीटररूमकडे निघाले होते, ते आज समोरच बसले आहेत! या वॉचमनने ओरडून त्यांना थांबवलं. आधी मेन स्विच पाडला. विजेच्या आगीवर पाणी टाकलं असतं तर टाकणाराच गेला असता. मग कोरडी वाळू, मग सिलिंडर. लिफ्टजवळ कोणाला फिरकू दिलं नाही, तोंडाला ओला रुमाल बांधायला लावून म्हाताऱ्यांना जिन्याने खाली आणलं. त्यांत माझी पत्नी होती. अग्निशमन दलाची गाडी येईपर्यंत आग आटोक्यात आली होती. हे सगळं तो कुठे शिकला? आपण ज्याचे पैसे कापले, त्या होमगार्डच्या प्रशिक्षणात.

त्या वेळी आपण त्याला शाल-नारळ दिला. टाळ्या वाजवल्या. तेरा दिवसांचे पैसे परत द्यावेत, हे कोणाला सुचलं नाही, मला तर नाहीच. पुढे तो नोकरी सोडून गावी गेला. शाल मात्र जाताना घेऊन गेला, हे मी पाहिलं आहे.

म्हणून आज, पंचविसाव्या वर्षी, दोन विनंत्या करतो.

पहिली विनंती. आता आपले रखवालदार एजन्सीचे आहेत, पण रात्रपाळीचा मुलगा होमगार्डमध्ये आहे. त्याला किंवा पुढे कोणालाही ड्युटीचं बोलावणं आलं, तर त्याची नोकरी जाणार नाही आणि पगार कापला जाणार नाही, असा ठराव येत्या वार्षिक सभेत करावा. कोणी म्हणेल, तिकडे भत्ता मिळतो, मग इकडे पगार कशाला? प्रश्न रास्त आहे, तेव्हा मीच तो विचारला होता. पण ड्युटी काही वर्षभर नसते. घर चालतं ते रोजच्या नोकरीवर. दर वेळी पगाराला कात्री लागली, तर तो एक दिवस ड्युटीवर जाणं बंद करेल. मग आपल्या गणपतीला दोरी कोण धरणार? सगळ्या फ्लॅटमध्ये वाटला, तर हा खर्च वर्षाला एका चहापाण्याइतकाही येत नाही. हिशेब मी करून आणला आहे, कोणाला तपासायचा असेल तर खुशाल तपासावा.

दुसरी विनंती तरुणांना. २०२५ च्या मे महिन्यात देशातल्या २४४ जिल्ह्यांत नागरी संरक्षणाची रंगीत तालीम घ्यायचं ठरलं, तेव्हा आपल्या ग्रुपवर दिवसभर विनोद फिरत होते. भोंगा वाजला तर करायचं काय, हे एकानेही लिहिलं नाही, कारण कोणालाच माहीत नव्हतं. आपल्या तीन विंगमधून निदान दहा जणांनी नागरी संरक्षणाचं प्रशिक्षण घ्यावं. मुलींनीही घ्यावं. होमगार्डमध्ये आणि नागरी संरक्षणात, दोन्हीकडे त्यांना जागा आहे. प्रथमोपचार, आग विझवणं, जखमीला उचलून नेणं, एवढं दहा जणांना आलं तरी पुष्कळ झालं. सिलिंडर भिंतीवर टांगलेला आहे, पण त्याची पिन कशी काढायची हे किती जणांना येतं? हात वर करा. ... बघा, चारच हात, आणि त्यांतला एक माझा नाही.

माझं वय उलटून गेलं. पण त्या दहा जणांच्या नोंदणीचे कागद भरणं, जाण्यायेण्याचा हिशेब ठेवणं, हे काम मला द्या. निदान तेवढं माझ्याकडून होऊ द्या.

आणि बालगोपाळांनो, पुढच्या विसर्जनाला दोरी धरलेले काका दिसले, तर दोरीखालून जाण्याआधी त्यांना पाणी विचारा. ते कोणाच्या तरी बिल्डिंगचे वॉचमन असतील, कदाचित आपल्याच.

 जय हिंद, जय महाराष्ट्र.