उघड्या पाठीचीं बालकें

घरांत व्यंग असलेलें मूल जन्मास आलें, कीं पुष्कळदां पहिला प्रश्न त्या मुलाच्या प्रकृतीचा निघत नाहीं. आईनें ग्रहणांत विळी हातीं धरली होती काय, हा निघतो. बिबवेवाडीच्या टेकडीवरील दाट वस्तींत तो निघतो, आणि खालच्या सुशिक्षित बिऱ्हाडांतही, आवाज थोडा उतरवून कां होईना, निघतोच. श्रोतेहो, ह्या प्रश्नाचें उत्तर शरीरशास्त्रानें केव्हांच दिलेलें आहे, आणि तें आईला दोषमुक्त करणारें आहे.

गर्भाच्या पाठीकडील बाजूस आरंभीं केवळ एक सपाट पट्टी असते. तिच्या दोन्ही कडा उचलल्या जाऊन एकमेकींस मिळतात व नळी तयार होते. ह्या नळीचाच पुढें मेंदू आणि मज्जारज्जु बनतो. गर्भ राहिल्यापासून सुमारें २८ दिवसांत हें सारें काम आटोपतें, म्हणजे पाळी चुकल्याची खात्री होते न होते तोंच! कडा एखाद्या ठिकाणीं मिळाल्या नाहींत, तर तेथील मणक्यांच्या कमानी अपुऱ्या राहतात आणि मूल कमरेवर उघडी पिशवी घेऊन जन्मतें. ‘स्पायना बिफिडा’, म्हणजे दुभंगलेला कणा, हें त्या विकाराचें नांव.

अशा मुलाचे पहिले दोन-तीन दिवस फार मोलाचे असतात. पिशवीवर हळद, तेल किंवा राख लावूं नये. मिठाच्या निर्जंतुक पाण्यानें भिजविलेली स्वच्छ पट्टी ठेवून, मुलास पालथें निजवून, बालशस्त्रवैद्याकडे पोंचवावें. बिबवेवाडींत कामगार विमा योजनेचें रुग्णालय आहे. १८६७ सालीं सुरू झालेलें ससून रुग्णालयही थोड्या मैलांवर आहे. अंतराची अडचण येथें नाहीं. अडचण आहे ती ‘सव्वा महिना होऊं द्या, मग पाहूं’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांची.

शस्त्रवैद्य पिशवींतील मज्जातंतूंची पट्टी भोवतालच्या कातडीपासून हलक्या हातानें मोकळी करतो, तिला गुंडाळून नळीचा आकार देतो, तिच्यावर मज्जावरण पाणी न झिरपेल असें शिवतो, आणि वरून स्नायू व कातडी ओढून घेतो. जंतूंचा मेंदूकडे जाणारा मार्ग त्यामुळें बंद होतो. गेलेली शक्ति मात्र परत येत नाहीं. ‘ऑपरेशन यशस्वी झालें’ हें वाक्य ऐकून मूल आतां धांवूं लागेल असें समजणारे आईबाप थोडे नाहींत. त्यांना सांगणाऱ्यानें अर्धेंच सांगितलेलें असतें.

पाठ शिवल्यावर पुष्कळ मुलांच्या डोक्यांत पाणी सांचूं लागतें. अमेरिकेंत जॉन होल्टर नांवाच्या यंत्रकारागिराच्या घरीं १९५५ सालीं असाच मुलगा जन्मला. बापानें खटपट करून पाणी एकाच दिशेनें सोडणारी झडप बनविली, आणि १९५६ पासून ती मुलांच्या डोक्यांत बसूं लागली. आपल्याकडे लखनौच्या डॉ. छाबडा ह्यांच्या नांवाची झडप निघाली. युगांडांत १९५ मुलांवर केलेली तुलना २००५ सालीं प्रसिद्ध झाली. सुमारें ३५ डॉलरच्या ह्या भारतीय झडपेंत आणि ६५० डॉलरच्या परदेशी झडपेंत वर्षभराच्या गुणाच्या दृष्टीनें फरक दिसला नाहीं. ही गोष्ट आपल्या लोकांस फारशी ठाऊक नसावी, ह्याचें नवल वाटतें.

कांहीं मुलांचा कणा उघडा नसतो, पण एखादा मणका अर्धाच घडलेला असतो आणि वाढीबरोबर पाठ वांकडी होत जाते. तो अर्धा मणका योग्य वयांत काढून टाकतां येतो. परंतु कण्याचा लांब भाग फार लवकर जखडला तर छाती व फुप्फुसें खुंटतात, म्हणून तेथें घाईही बाधक होते.

खरी कसोटी घरीं आल्यावर लागते. दर तीन-चार तासांनीं स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामें करणें, हें रुक्ष काम नियमानें झालें तर मूत्रपिंडें वांचतात. अशीं कित्येक मुलें अभ्यासांत तल्लख असतात; पण लघवीच्या वासावरून त्यांचें हंसें होतें आणि शाळा सुटते. एक स्वच्छ, आडोशाची खोली आणि समजूतदार शिक्षक एवढ्यानें तें टळण्यासारखें असतें.

हा विकार पुष्कळ अंशीं टाळतां येतो, आणि त्या शोधाचा आरंभ मुंबईंत झालेला आहे. १९२८ सालीं आलेल्या डॉ. ल्यूसी विल्स ह्या इंग्रज विदुषीनें गरोदर गिरणी-कामगार स्त्रियांच्या पांडुरोगाचा शोध चालविला, आणि यीस्टच्या अर्कानें त्यांना गुण येतो असें १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. तें गुणकारी द्रव्य पालकाच्या पानांत सांपडल्यावर, १९४१ सालीं, पान ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास ‘फॉलिक ॲसिड’ हें नांव मिळालें. ज्यांचें आधींचें मूल ह्या विकाराचें होतें अशा मातांवर सात देशांत प्रयोग झाला. हें औषध घेणाऱ्यांत विकार ७२ टक्क्यांनीं घटल्याचें १९९१ सालीं दिसून आलें.

बिबवेवाडीलगतच्या मार्केट यार्डांत पालकाच्या जुड्यांचे ढीग पडतात. त्या भाजीचें उकडलेलें पाणी ओतून देऊं नये, कारण गुण त्यांतच उतरतो. पण केवळ भाजीवर विसंबून भागत नाहीं. गर्भ राहण्यापूर्वीं निदान एक महिना रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करून ती तिसरा महिना संपेपर्यंत चालवावी. आधींचें मूल असें जन्मलें असेल, तर त्या मातेस मात्रा दसपट, म्हणजे ४ मिलिग्रॅम, लागते. ती वैद्याच्या सल्ल्यानेंच घ्यावयाची असते.