गच्चीवरचे विमान



धाडस म्हटले की आपल्याला अंतराळात गेलेला गागारिन आठवतो, चंद्रावर उतरलेला आर्मस्ट्राँग आठवतो. ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या पाठीशी बलाढ्य सरकारे उभी होती. मी आज मुंबईतल्या एका गच्चीविषयी बोलणार आहे.

वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोप भागात, इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. नोकरी विमान चालवण्याची. बांधायला कोणी सांगितले नव्हते! हा त्यांचा तिसरा प्रयत्न. घरची माणसे पाठीशी राहिली. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले. पण नोंदणीवाचून विमान आकाशात नेता येत नाही, आणि ती नोंदणी मिळायला नोव्हेंबर २०१७ उजाडला. मला तर खरे धाडस या मधल्या दिवसांत दिसते.

मुचकुंदीच्या मुखातून समुद्रात होडी घालणाऱ्या पूर्णगडकरांना धाडस शिकवायला नको. मात्र घरात मुलाने किंवा मुलीने बिघडलेला पंखा खोलला, की आपण लगेच ओरडतो. पालकहो, वीज तेवढी बंद आहे ना ते पाहा, आणि संध्याकाळपर्यंत त्यांना तो जोडू द्या.