भूक नव्हे, रांधणारे हात

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



समाजकार्याचं शिक्षण संपवून मी पहिल्या नोकरीला लागले, तेव्हाची गोष्ट. देणगीच्या पत्रकासाठी वस्तीतल्या एका बाईचा फोटो हवा होता. कॅमेरा पाहून ती छान हसली. मी म्हटलं, "मावशी, हसू नका हो." तिचा चेहरा पडला. तोच फोटो छापला. पैसे आले, पण ती माझ्याशी पूर्वीसारखी कधी बोलली नाही.

म्हणून आज एला बर्गमन-मिखेलबद्दल सांगते. जन्म १८९५, जर्मनीतल्या पाडरबॉर्नचा. वायमारला ती चित्रकला शिकली. कोलाज आणि छायाचित्रण यांत जुन्या चौकटी मोडणाऱ्यांपैकी ती एक. १९३१ ते १९३३ या काळात फ्रँकफुर्टमध्ये तिने माहितीपट केले.

१९३२ साली जर्मनीत ६० लाखांच्या आसपास माणसं बेकार होती. फ्रँकफुर्टच्या बेकारांनी बेकारांसाठीच स्वयंपाकघरं चालवली. त्यांना देणग्या मिळाव्यात म्हणून एलाने एक छोटा मूकपट केला. त्याच्या नावाचा अर्थच 'बेकार रांधतात बेकारांसाठी'. म्हणजे तिलाही पैसेच मागायचे होते, माझ्यासारखे! पण तिने दाखवलं ते काम. माणसं रांधताहेत, वाढताहेत, जेवताहेत. गरज दिसते, पण कुणी लाचार दिसत नाही.

त्याच वर्षी तिने रस्त्यावरच्या फेरीवाल्यांवर फिल्म केली. परवाना नाही, पोलिसांची भीती, तरी पोटासाठी धंदा. हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

मग निवडणुकीचे दिवस आले. रस्त्यांवरचे झेंडे, पोस्टर, वाद घालणारी माणसं ती टिपत होती. चित्रण करतानाच तिला अटक झाली. लवकरच सुटली, पण फिल्म अपुरीच राहिली. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि तिचं माहितीपटांचं काम थांबलं. १९७१ साली ती वारली.

नेमक्या कोणत्या चित्रांची सत्तेला भीती वाटते? रडक्या चेहऱ्यांची नाही. एकत्र येऊन काही करणाऱ्या, वाद घालणाऱ्या माणसांची.

तर आपल्या पुढच्या अहवालासाठी फोटो काढताना आधी त्या बाईला विचारूया, "तुमचा फोटो कसा काढू?" छापण्याआधी तो तिला दाखवूया. आणि ती हसली, तर हसू द्या.