थकबाकी कोणत्या तारखेपासून?

(धायरी येथील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



धायरीला सैनिक परका नाही. पलीकडे खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला, खडकीला, मणक्याची दुखापत झालेल्या जवानांसाठी १९७४ साली निघालेले पुनर्वसन केंद्र आहे. अपंग होऊन परतलेला जवान आपण पाहतो. त्याचा हिशेब मात्र पाहत नाही. अपंगत्वाचे निवृत्तिवेतन त्याला नाकारले जाते, कालांतराने तो दाद मागतो आणि कधी जिंकतोही. मग प्रश्न उरतो, पैसे कोणत्या तारखेपासून?

तरसेमसिंग यांचे प्रकरण पाहावे. नोव्हेंबर १९८३ मध्ये वैद्यकीय कारणावरून त्यांना सैन्यातून घरी पाठवण्यात आले. उच्च न्यायालयात ते गेले १९९९ साली. एकसदस्य पीठाने निवृत्तिवेतन मान्य केले, परंतु थकबाकी अर्जापूर्वीच्या ३८ महिन्यांपुरतीच. खंडपीठाने २००६ साली ती १९८३ पासून द्यावी असे ठरवले. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २००८ मध्ये पुन्हा ३८ महिनेच कायम झाले.

न्यायालयाची भूमिका अशी : निवृत्तिवेतन न देणे हा महिन्यामागून महिना चालू राहणारा अन्याय आहे, म्हणून दावा केवळ उशिरा आला या कारणाने फेटाळू नये, मात्र मागची बाकी सामान्यतः दाव्याच्या आधीच्या तीन वर्षांपलीकडे जाऊ नये. म्हणजे अन्याय चालू असल्याचे मान्य, पण त्याचा आरंभ हिशेबाबाहेर!

मुदतीचा कायदा निरर्थक आहे असे कोणी म्हणणार नाही. पुरावे नाहीसे होतात, जमाखर्चाला कुठेतरी शेवट हवा. परंतु इथे कागद कोणाच्या कपाटात असतात? वैद्यकीय मंडळाचा अहवाल सरकारजवळच असतो. ज्येष्ठतेच्या वा बढतीच्या वादात तिसऱ्याची जागा हलते. निवृत्तिवेतनाच्या दाव्यात ती हलत नाही, हा फरक त्याच निकालात नोंदलेला आहे. मग उरलेल्या बारा-तेरा वर्षांची रक्कम गेली कुठे? ती तिजोरीतच राहिली. देणे लांबवण्यात ज्याचा लाभ, त्याने घाई का करावी? अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे कळते. निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात १९८२ सालीच सांगितले होते. मेहेरबानीची तारीख देणारा ठरवतो; हक्काची तारीख हक्क उत्पन्न होतो त्या दिवशीच ठरलेली असते.

२०१३ साली धरमवीरसिंग प्रकरणात एक मोठी गोष्ट झाली. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळे उद्भवला असे गृहीत धरावे. उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर. नकारपत्रे घरात ठेवून स्वस्थ बसलेल्या कित्येकांना यामुळे दावा करण्यास आधार मिळाला. पण हा आधार उशिरा सापडला, याची किंमत जवानानेच का भरावी?

कार्यकर्त्यांनी एक गणित घरोघर समजावून सांगावे. तीन वर्षे मोजली जातात ती दावा दाखल झाल्याच्या दिवसापासून मागे. दावा एक महिना लांबला, की मागच्या टोकाचा एक महिना गळतो. म्हणून नकारपत्र, त्यावरचे अपील आणि प्रत्येक अर्जाची पोच जपून ठेवावी. सशस्त्र दल न्यायाधिकरणापुढील मागणीत ‘सेवामुक्तीच्या दिवसापासून’ हे शब्द स्पष्ट घालावेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अर्ज याच आठवड्यात लिहून द्यावा.