मुलाखतीत मोठ्याने विचार करा

सॉफ्टवेअरची नोकरी म्हटली की नाशिकच्या मुलांना आधी पुणं आठवतं. पण सातपूरला मुख्यालय असलेली, २००५ साली सुरू झालेली ईएसडीएससारखी कंपनी आपल्या गावातही आहे. गाव कुठलंही असो, मुलाखतीची रीत साधारण एकच: आधी चाचणी, मग प्रोग्रॅमिंगचा प्रश्न, शेवटी एचआरशी बोलणं.

खरी कसोटी मधली. समजा, विचारलं, हजार नावांच्या यादीतून एक नाव कसं शोधाल? लगेच कोड लिहायला घेऊ नका. आधी विचारा, यादी अकारविल्हे लावलेली आहे का? असेल, तर बोलत बोलत सोडवा. मधलं नाव पाहायचं, निम्मी यादी सोडायची, उरलेल्यातलं मधलं पाहायचं. जास्तीत जास्त दहा वेळा पाहून काम होतं. यालाच बायनरी सर्च म्हणतात. अडलात तर तसं सांगा. तुमचा विचार कसा चालतो, हेच समोरच्याला पाहायचं असतं. म्हणून रोज एक प्रश्न घरी मोठ्याने बोलून सोडवा.

आणि नोकरी देतो म्हणून कुणी अनामत रक्कम मागितली, तर एक रुपयाही देऊ नका.