पैशावाचून शिक्षण अडू नये
(गणेशोत्सवातील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



गणपती ही विद्येची देवता. तिच्या मंडपात पैशाचा विषय काढतो म्हणून कोणी रागावू नये. बँकेच्या कर्ज विभागात माझी बरीच वर्षे गेली. आपली माणसे मागायला लाजतात आणि मग उशिरा येतात, हे तिथे नेहमी दिसले.

एक गृहस्थ मुलीची फी भरायच्या आदल्या दिवशी आले. मुलगी हुशार, शिष्यवृत्तीचा अर्जही भरलेला. पण तो नावावरून अडकला होता. शाळेच्या गुणपत्रिकेवर इथल्या पद्धतीने नुसते नाव-आडनाव, आधार कार्डावर आपल्या रीतीप्रमाणे मध्ये वडिलांचे नाव. दुरुस्ती होईपर्यंत मुदत संपली. शेवटी वहिनींच्या बांगड्या गहाण पडल्या. चंदिगडमध्ये राहणाऱ्या आपल्या कितीतरी घरांत ही अडचण येऊ शकते.

मागण्यात कमीपणा नाही. 1913 साली सयाजीराव गायकवाडांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकेतील शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. ती भिक्षा नव्हती. शिक्षणानंतर बडोदा संस्थानात नोकरी करण्याचा रीतसर करार त्यामागे होता. शिष्यवृत्ती ही गुणांची कदर असते आणि कर्ज हा फेडायचा व्यवहार असतो. दोन्हींत मान खाली घालण्यासारखे काही नाही.

आता कामाचे बोलतो. बारावीनंतर पदवीला जाणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे. पदवीची पहिली तीन वर्षे दरसाल 12,000 रुपये मिळतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवे आणि विद्यार्थी आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत, वरच्या वीस टक्क्यांत हवा. याचा अर्थ 80 टक्के गुण असा नव्हे. पुष्कळ पालक इथेच चुकतात आणि अर्जच करत नाहीत. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा. पुढच्या वर्षी नूतनीकरण करायला विसरू नका. त्यासाठी गुण आणि हजेरी दोन्ही पाहतात.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. ती कोणत्या राज्याने द्यायची, हे कायम वास्तव्यावर ठरते. आपण महाराष्ट्राचे की चंदिगडचे, याचा निर्णय आणि त्याचे कागद बारावीच्या आधीच करून ठेवावेत. नाहीतर दोन्हीकडून हेलपाटे पडतात.

कर्जाचे म्हणाल तर नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना पाहा. यादीतल्या दर्जेदार संस्थेत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला, तर तारण आणि जामीनदार यांशिवाय कर्ज मिळू शकते. उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि इतर सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत मिळत नसेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होण्यापूर्वीच्या काळात, व्याजात तीन टक्के सवलतीची तरतूद आहे. म्हणून संस्था यादीत आहे का, हे प्रवेश घेण्यापूर्वीच पाहावे. व्याज, मुदत आणि हप्ता कागदावर मांडून मुलालाही दाखवावा. फेडायचे त्यालाच आहे.

मूल दहावीत गेले की एक फाइल करा. त्यात गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, लागू असल्यास जातीचा दाखला आणि आधारशी जोडलेले मुलाचे बँक खाते असावे. सगळीकडे नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हे अक्षर अन् अक्षर तपासा. नियम आणि तारखा बदलतात, म्हणून दरवर्षी पोर्टल स्वतः पाहा.

कचेरीतल्या पंजाबी, हिमाचली सहकाऱ्यांनाही हे सांगा. त्यांच्या मुलांचाही प्रश्न हाच आहे. ज्यांची फाइल तयार नाही त्यांनी उद्या आरतीनंतर कागद घेऊन यावे, मी इथेच बसेन. फक्त लाजू नका आणि उशीर करू नका.

गणपती बाप्पा मोरया!